शेंदूर, चपडा आणि सिलिकॉन : इंजिनाच्या सांध्याचा इतिहास



राजूरमध्ये इतिहासावर बोलायचं म्हटलं की राघोजी भांगरे, रतनगड, हरिश्चंद्रगड, अमृतेश्वराचं मंदिर हे विषय लोक गृहीत धरूनच येतात. आज बाहेरच्या फळ्यावर ‘इंजिनाचा सांधा’ असं वाचून दोघं-तिघं आम्हाला विचारून गेले, व्याख्यान इथंच आहे ना? इथंच आहे. या भागातल्या माणसाचं गेल्या पन्नास वर्षांतलं आयुष्य ज्या यंत्रानं सगळ्यात जास्त बदललं ते मोटारसायकल, आणि तिचा इतिहास लिहिताना कंपन्यांची नावं नि मॉडेलं येतात, पण ती उघडून पुन्हा बांधणाऱ्या हातांचं काही येत नाही. त्यातली एक अगदी बारीक गोष्ट आम्ही आज घेतली आहे. इंजिन पुन्हा जोडताना दोन भागांच्या मध्ये जो लेप लावतात, तो.

टेबलावर आहे ते एका जुन्या यामाहा आरएक्स १०० चं चेंबर. पुस्तकात याला क्रँककेस म्हणतात, गॅरेजात चेंबर. डावा आणि उजवा असे दोन भाग, मध्ये क्रँक आणि गिअर. इथं नुसते दोन रिकामे भाग आणलेत. बोलता बोलता ते आम्ही जोडणार आहोत.

आधी आमची गोष्ट सांगतो, म्हणजे या विषयाच्या मागे का लागलो ते कळेल. बरीच वर्षं झाली. आमच्याकडे शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी होती. हाफ इंजिनचं काम करून आणली होती, म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन-रिंग आणि क्लच कव्हर खोलून. काम करणाऱ्यानं कव्हरच्या कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन थापलं होतं. कडेनं बाहेर आलेली ती करडी वळी बघून आम्हाला उलट बरं वाटलं होतं, की चला, आता तेल गळणार नाही. आठ-दहा दिवस झाले असतील. आवणीचे दिवस, चुलत्यांना खाचरात साप चावला. त्यांना मागे बसवून, त्यांच्या मागे आणखी एक जण धरून, भंडारदऱ्याकडून राजूरला यायला निघालो. रंध्याच्या पुढं हेडमधून टकटक सुरू झाली, आणि मग गाडी जी थांबली ती किक दाबली तरी हलेना. दुधाची पिकअप आली म्हणून निभावलं. पाऊण तास गेला. चुलते वाचले, पण तो पाय पुढे कधी पूर्वीसारखा झाला नाही. पाऊण तासामुळेच असं झालं, असं म्हणता येत नाही. पण तसं झालं नाही, असंही मनाला म्हणता येत नाही.

नंतर इंजिन दुसरीकडे खोललं. खालच्या बाजूला तेलाची जाळी असते, तिच्यातून पंप तेल ओढतो. त्या जाळीवर शिजलेल्या साबुदाण्यासारखे करडे गोळे चिकटलेले. कव्हर आवळल्यावर सिलिकॉन जेवढं बाहेर आलं होतं तेवढंच आतही गेलं होतं. बाहेरचं आम्हाला दिसलं होतं. आतलं सुटून तेलात पडलं, जाळी बुजली, आणि वर हेडमध्ये तेल पोचेना. कॅम कोरडा फिरून जाम झाला. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हे दाखवलं, त्यांनी तो गोळा आमच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, कंपनीनं इथं कागद दिलाय. कागदाला ह्याची गरज नव्हती.”

तिथून आमची चौकशी सुरू झाली. राजूर, अकोले, संगमनेर, घोटी इथल्या जुन्या गॅरेजांतून हिंडलो, आणि हिंडता हिंडता फार मागे गेलो.

आता सांधा म्हणजे काय? धातूचे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर बसवायचे आणि मधून तेल, वाफ, हवा काहीही जाऊ द्यायचं नाही. हाताला आरशासारखा लागणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या डांगाणासारखा दिसतो, सगळे सुळके आणि दऱ्या. दोन पृष्ठभाग एकमेकांवर आले की सुळके सुळक्यांना टेकतात, दऱ्या मोकळ्या राहतात. त्या दऱ्या भरायला काहीतरी हवं. एवढंच लेपाचं काम. दोन भाग धरून ठेवायचं काम बोल्टचं, आणि एकमेकांना भिडायचं काम पृष्ठभागांचं. हा फरक आज सारखा लागणार आहे.

आपल्या बाजूला हे काम यंत्रासाठी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं ते रेल्वेत. १८६५ साली थळ घाटातून गाडी वर चढली, इगतपुरीला इंजिनं आली. घोटी-इगतपुरी इथून लांब नाही. वाफेच्या नळांचे सांधे त्या काळी बहुधा या पद्धतीनं बंद करत : जवसाच्या तेलात शिशाची भुकटी मळायची. पांढरी असेल तर सफेदा आणि लाल असेल तर शेंदूर. हो, तोच शेंदूर, मारुतीला लावतात तो. जुना अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, आणि म्हणून विषारी. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं, शिशामुळे लवकर आणि पक्कं होतं. वाफेला हा लेप टिकायचा, आणि नळ जोडणारी जुनी माणसं सूत नि सफेदा अगदी परवापर्यंत वापरत होती.

रेल्वेनंतर आली ती विहिरीवरची तेलाची इंजिनं. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांची वेगळी कंपनी काढली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत प्रवरेच्या खोऱ्यात त्या इंजिनांची टुकटुक शिवारभर झाली. मोटारसायकलच्या पहिल्या मिस्त्र्यांपैकी जे आम्हाला भेटले त्यांतले बरेच जण मुळात ऑइल इंजिनचे फिटर, किंवा अशा फिटरच्या हाताखालचे पोरगे. इंजिन बांधायची शिस्त त्यांनी तिथं उचलली. संथ चालणारं, ओतीव लोखंडाचं इंजिन. पृष्ठभाग घासून घासून जुळवायचा, लेप नावापुरता.

थोडं विषय सोडून सांगतो. सांधा सुटला की काय होतं ते या भागानं इंजिनाआधी धरणावर पाहिलंय. भंडारदऱ्याचं दगडी धरण १९२६ साली पुरं झालं. १९६९ साली त्याच्या भिंतीला तडे जाऊन मोठी गळती लागली. मग मागून आधाराच्या भिंती बांधून आणि पोलादी केबल ताणून ते पक्कं करावं लागलं. तडा नुसता वरून लिंपून भागत नाही, भिंत दाबून धरावी लागते, हे तिथं काम करणाऱ्या इंजिनिअरांना जेवढं कळलं तेवढंच गॅरेजातल्या फिटरलाही कळतं. प्रमाण तेवढं वेगळं.

आता लाख. इथं आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण हा भाग आम्हालाच नवा होता.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राहतो आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतो. ती लाख. पांडवांसाठी बांधलेलं लाक्षागृह ते याचंच. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो, कासार लाखेच्या बांगड्या करतो, टपालाच्या पिशवीवर मोहोर लाखेची. लाख गाळून, पातळ ताणून, तिचे पापुद्रे केले की झाला चपडा. इंग्रज त्याला शेलॅक म्हणत. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. हा माल भारतातून जगभर जायचा, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतल्या आदिवासींनी गोळा केलेल्या लाखेचा. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्यातही लाख होते. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या चपड्याच्या. घरात बालगंधर्वांची एखादी जुनी तबकडी असेल तर ती हातून पडू देऊ नका, ती काचेसारखी फुटते ती याच मालामुळे. इंग्रजांच्या काळात, १९२४ साली, रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करायला खास संस्था निघाली. एवढं या मालाचं महत्त्व होतं.

मोटार आणि मोटारसायकल आल्यावर चपड्याला एक नवं काम मिळालं, कारण त्याच्या अंगी दोन गुण होते. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, पण पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि इंजिनाच्या तेलातही नाही. म्हणजे स्पिरिटमध्ये पातळ करून पॅकिंगच्या कागदावर ब्रशानं लावा, स्पिरिट उडून जाईल आणि राहील तो पेट्रोलला दाद न देणारा थर. युरोप-अमेरिकेत याच्या तयार बाटल्या मिळत. आपल्याकडच्या मिस्त्र्याला बाटली कशाला हवी? सुताराकडचा चपडा आणि स्पिरिट, दोन्ही गावातच. रात्री भिजत घालायचं, सकाळी काकवीसारखं होतं.

हे दोन-दोन, तीन-तीन जागी आम्हाला ऐकायला मिळालं. एकानं तर बाटली दाखवली. झाकण चिकटून बसलेलं, तळाशी तांबूस खडा.

या चपड्याचा सुवर्णकाळ म्हणजे टू-स्ट्रोकचा काळ. एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ पासून, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या आणि १९७३ पासून येझदी, आणि मग आपली लूना. लूना १९७२ साली आली. तिच्या कंपनीचा, म्हणजे किनेटिक इंजिनिअरिंगचा, कारखाना आपल्या नगरला दौंड रस्त्यावर. पुढे बजाजची एम-८०, तिच्यावर दुधाचे कॅन लटकलेले. राजदूतची छोटी जीटीएस १७५ ‘बॉबी’ सिनेमात आली आणि तिला बॉबीच म्हणू लागले. पण घाटात चालायची ती मोठी, साधी राजदूत.

टू-स्ट्रोकमध्ये सांध्याचं महत्त्व वेगळं असतं, आणि हे नव्या पोरांना सांगावं लागतं. फोर-स्ट्रोकचा सांधा सुटला तर तेल गळतं, जमिनीवर डाग पडतो, माणूस बघतो. टू-स्ट्रोकमध्ये चेंबर हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण चेंबरमध्ये ओढलं जातं, खाली येताना दाबून वर ढकललं जातं. चेंबरच्या सांध्याला केसाएवढी फट असली तर तिथून फुकटची हवा आत येते. मिश्रणात पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे तेही कमी. इंजिन तापतं. डाग नाही, आवाज नाही, गाडी उलट दोन दिवस हलकी पळाल्यासारखी वाटते. मग विठे घाटात, भरल्या ओझ्यानं, पिस्टन चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. घाटात अशी पडलेली माणसं जुन्या मिस्त्र्यांना नावानिशी आठवतात. म्हणून त्या पिढीचे मिस्त्री सांध्याच्या बाबतीत सोवळ्यातले.

आणि पॅकिंगचं किट? ते नगर-नाशिकहून आणायचं, मिळालं तर. नाहीतर कागद घरचा. कव्हरवर कागद ठेवायचा आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकत जायचं, धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टची भोकंही तशीच. कागद कसला? एका मिस्त्रींचं म्हणणं असं, की सगळ्यात चांगला कागद लग्नपत्रिकेचा, पण चांगल्या घरच्या लग्नाच्या. [हशा] हसू नका, त्यात शास्त्र आहे. पॅकिंगची जाडी हा हिशेबाचा भाग असतो. ब्लॉकखालचं पॅकिंग जाड झालं तर पिस्टन आणि हेडमधलं अंतर वाढतं, कॉम्प्रेशन पडतं. बाजूच्या कव्हरचं पातळ झालं तर आतला शाफ्ट दाबला जातो. मोजायला मायक्रोमीटर नव्हता, चिमटीत धरून कागद ओळखायचा. लग्नपत्रिकेचा कागद एकसारखा जाड असतो, हे त्यांनी चिमटीनंच शोधलं होतं.

मग १९८५. त्याच सुमाराला हीरो होंडाची सीडी १०० आली, यामाहाची आरएक्स १०० आली, वर्षभरात बजाज-कावासाकीची केबी १०० आली, आणि बजाजचा वाळूजचा कारखानाही तेव्हाच सुरू झाला. जपानी इंजिन उघडून बघितलेल्या पहिल्या मिस्त्र्यांना काय वाटलं, हे विचारलं की सगळे एकच गोष्ट सांगतात : पृष्ठभाग. घासायलाच नको असा. ही आरएक्सची दोन भागांची कड बघा, पुढच्या रांगेतल्यांनी हात लावून बघा. इथं कागदी पॅकिंग नाहीच. कंपनीनं सांगितलंय की दोन उघडे धातू एकमेकांवर, मध्ये फक्त लेप. जपानमध्ये यासाठी खास लेप तयार होत होते. थ्रीबॉण्डचे, यामाहाच्या स्वतःच्या नावाचा यामाबॉण्ड. चपड्यासारखा कडक न होणारा, अर्धवट सुकणारा, इंजिन तापलं-निवलं की धातूबरोबर थोडा ताणला जाणारा.

आपल्याकडे हे पोचलं, पण अर्धं. गाडी आली, लेप दुर्मीळ. काही जणांनी आरएक्सच्या चेंबरमध्येही सवयीनं कागद घातला. आता विचार करा, क्रँकचं एक बेअरिंग या भागात, दुसरं त्या भागात. मध्ये कागद आला की दोन बेअरिंगमधलं अंतर कागदाच्या जाडीएवढं वाढलं. क्रँक आडवा हलायला लागतो. बरेच दिवस चालतं, आणि मग का बिघडलं ते कुणाला कळत नाही. आमच्या चौकशीत ज्यांनी हे केलं होतं ते आता स्वतःच सांगतात, हसत. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीत, तेही शोरूमच्या कपाटात. डोंगरातल्या गॅरेजात पोचले ते फक्त पार्ट.

आता सिलिकॉन. याचा इतिहास गमतीचा आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. वाळूत जे सिलिकॉन मूलद्रव्य असतं त्याची सेंद्रिय संयुगं करण्यात त्यांनी चाळीसएक वर्षं घालवली. हाती बऱ्याचदा चिकट लगदा यायचा. शेवटी एका व्याख्यानात त्यांनी सांगून टाकलं, की या शाखेचं भवितव्य काही फारसं आशादायक दिसत नाही. थोड्याच वर्षांनी, १९४३ साली, अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी नुसतं सिलिकॉन करायला निघाली, कारण युद्धातल्या विमानांना उष्णतेत न वितळणारे, थंडीत न तडकणारे लेप हवे होते. (व्याख्यानात भविष्य सांगू नये, हे आम्ही किपिंगसाहेबांकडून शिकलो.) त्याच अमेरिकेत १९५३ साली व्हर्नन क्रिबल या प्राध्यापकानं वेगळ्याच जातीचा लेप काढला, पुढचं लॉकटाइट. तो हवा असेपर्यंत पातळच राहतो, धातूंच्या मध्ये हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतो. त्याचा फायदा असा, की दाबून आत गेलेला जास्तीचा माल घट्ट होतच नाही, तेलात विरून जातो. आमच्या गाडीत तो असता तर जाळी बुजली नसती. पण तो महाग, आणि पृष्ठभाग चांगला असेल तरच चालतो.

आपल्या गॅरेजात जिंकलं ते ट्यूबमधलं सिलिकॉन. चेन्नईच्या ॲनाबॉण्डची ट्यूब इतकी पसरली, की कुठल्याही कंपनीची असली तरी मिस्त्री ‘ॲनाबॉण्ड दे’ किंवा नुसतं ‘बॉण्ड दे’ म्हणतो. स्वस्त, काळं किंवा करडं, उन्हापावसाला दाद न देणारं, आणि मुख्य म्हणजे चुका माफ करणारं. पृष्ठभागावर पेचकसाचा ओरखडा पडलाय? भरून निघेल. कव्हर वाकलंय? जाड थर मारा. पॅकिंग फाटलंय? त्याशिवायच बसवा. जुन्या मिस्त्र्याचा अर्धा दिवस पृष्ठभाग तयार करण्यात जायचा. तो अर्धा दिवस ट्यूबनं वाचवला, आणि तो वाचलेला वेळ गिऱ्हाइकानंही मागून घेतला, ‘संध्याकाळपर्यंत गाडी द्या’ म्हणून. आम्हीसुद्धा तसंच म्हटलं होतं.

आमचं मत विचाराल तर सिलिकॉन वाईट नाही. ते पृष्ठभागाच्या ऐवजी वापरलं गेलं, तिथं बिघडलं. आणि एक गोष्ट ट्यूबवर बारीक अक्षरात असते नाहीतर नसतेच : सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं. कार्बोरेटरला, पेट्रोलच्या नळीला, टू-स्ट्रोकच्या चेंबरला ते लावायचं नसतं. हेड पॅकिंगला तर नाहीच, तिथं स्फोटाचा दाब आणि आगीची उष्णता असते.

बरं, आता जोडूया. म्हाताऱ्या मिस्त्र्यांनी शिकवलं तसं करतो, चुकलं तर मागे बसलेले दोन मिस्त्री ओरडतील. [हशा]

खोलतानाच निम्मं काम असतं. बोल्ट काढल्यावर दोन भाग सुटत नाहीत म्हणून मध्ये पेचकस घालून उचकटायचं नाही. तो ओरखडा म्हणजे तेलाला पाट काढून दिला. रबरी हातोडीनं कडेकडेनं ठोकायचं. जुना लेप थिनरनं भिजवायचा, थांबायचं, आणि ब्लेड आडवं धरून खरवडायचा. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून कव्हर त्यावर आठाच्या आकड्यात फिरवलं की कुठं उंच, कुठं खोल ते चकाकीवरून कळतं. हे सगळं आम्ही काल केलंय. मग पेट्रोलनं धुवायचं, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. पेट्रोल मागे तेलकट पापुद्रा ठेवतं, आणि तेलकट धातूवर कुठलाच लेप धरत नाही. शेवटचा हात थिनरचा, स्वच्छ पांढऱ्या चिंधीनं. चिंधी पांढरीच राहिली की झालं. त्यानंतर बोट लावायचं नाही.

या दोन छोट्या नळ्या बघा, डॉवेल. दोन भाग नेमके समोरासमोर येण्यासाठी असतात. जुन्या चेंबरमध्ये यातली एखादी हरवलेली असतेच. ती नसेल तर लेप कितीही चांगला असो, इंजिन बांधू नये.

आता लेप. हा अर्धसुका, आरएक्सला चालणारा. एकाच भागाला लावायचा. इतका पातळ, की खालचा धातू अंधुक दिसला पाहिजे. बोटानं पसरतोय, बोल्टच्या भोकांभोवती पूर्ण फिरवतोय आणि आतल्या कडेपासून थोडा अलीकडे थांबतोय. तेलाची भोकं असलेल्या इंजिनात त्यांच्या भोवती आणखी जागा सोडायची. आता पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं. बोट टेकवलं तर चिकटावं, पण बोटाला लागून येऊ नये. फोर-स्ट्रोकच्या उघड्या सांध्याला सिलिकॉन लावायचं तर रीत उलटी : मिलिमीटर-दीड मिलिमीटरची एकसलग दोरी काढायची, कुठंही तुटू न देता, आणि साय धरायच्या आत मिटवायचं. ही साय हवेतल्या ओलाव्यानं धरते. म्हणून घाटघरकडच्या पावसात सिलिकॉन बघता बघता सायीवर येतं आणि एप्रिलात वेळ देतं. राजूरकरांना सायीचं आणि आटवण्याचं आम्ही काय सांगावं, पेढ्याच्या गावात!

झाले दहा मिनिटं. मिटवतोय. बोल्ट आधी सगळे हातानं. मग मधून बाहेर, आडवे-तिरपे, एकदम न आवळता तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत नुसतं टेकवायचं. एका बाजूनं गच्च आवळत गेलं की दुसरी बाजू उचलते आणि लेप तिकडे पळतो. बाहेर बघा, केसाएवढी रेघ आली आहे. एवढीच यावी. हिच्याएवढीच आतही आली असणार.

जाता जाता एक नवी भानगड. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, असं मघाशी म्हणालो. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं, आणि इथेनॉल म्हणजे तेच अल्कोहोल. ज्यांनी जुनी राजदूत किंवा येझदी जपली आहे आणि तिच्या पॅकिंगांना मागल्या पिढीनं चपडा लावलाय, त्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. पन्नास वर्षं पेट्रोलनं ज्याला धक्का लावला नाही, तो थर आता मऊ पडू शकतो. पुन्हा तीच फुकटची हवा, तोच घाट. आणि हे इथेनॉल येतं कुठून? बरंचसं उसातून. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली गेलं, त्यावर ऊस उभा राहिला, १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला, आणि आज कारखान्यांच्या मळीतून इथेनॉल निघतं. आपल्याच डोंगरावरून उतरलेलं पाणी अशा वळणानं राजदूतच्या टाकीत परत आलंय.

ती चपड्याची बाटली ज्यांच्याकडे आहे, त्या मिस्त्रींना आम्ही हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मंग आता राजदूत खोलावी लागंल. पॅकिंग नवं, लेप नवा. पत्रिका कुणाची आली का बघतो.”

आता प्रश्न असतील ते घेऊ. तेवढं हे चेंबर कुणी उचलून बघू नका, उद्या सकाळपर्यंत ते असंच राहायला हवं.